ड्रोन उडविण्याची विद्या

मुंज झालेल्या मुलास मामाने सायकल द्यावी, हा आपल्याकडील जुना रिवाज. अलीकडे कित्येक घरी सायकलीच्या जागी ड्रोन येऊ लागला आहे आणि त्याबरोबर घरात दोन पक्षही पडू लागले आहेत. मुलांच्या मते हे जगातील सर्वांत सोपे खेळणे. आजोबांच्या मते कोणाचा तरी डोळा फोडणारे यंत्र. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच ते हाती देण्यापूर्वी कसे उडते आणि कसे शिकावे, हे घरातील एका तरी वडील माणसाने समजून घेणे अगत्याचे आहे.

ड्रोनला विमानासारखे पंख नाहीत, की घारीसारखे शेपूट नाही. चार कोपऱ्यांवर चार मोटारी व चार पंखे, एवढाच त्याचा संसार. पंखा एका दिशेने फिरला की यंत्राचे धड उलट दिशेने फिरू पाहते. म्हणून एका कर्णावरील दोन पंखे उजवे व दुसऱ्या कर्णावरील दोन डावे फिरवितात, आणि ही ओढ परस्पर फिटते. चारही पंख्यांचा वेग वाढला की यंत्र वर चढते. मागील दोहोंचा वाढला की पुढे कलून पुढे सरकते. एका कर्णावरील जोडी जलद व दुसरी मंद केली की जागच्या जागी वळते.

ही कल्पना आजची नव्हे. १९०७ साली फ्रान्समध्ये ब्रेगे बंधूंनी रिशे यांच्या साहाय्याने चार पंखचक्रांचे यंत्र माणसासह जमिनीवरून उचलले होते. पण ते डगमगू नये म्हणून चार कोपऱ्यांस चार माणसे धरून उभी होती! १९२४ च्या मे महिन्यात एतिएन ओमिशेन या फ्रेंच संशोधकाने अशाच धर्तीच्या यंत्राने एक किलोमीटरची फेरी पुरी केली. तरीही तोल सांभाळण्याचे काम माणसाच्या हातांस झेपणारे नव्हते. आज ते काम यंत्रातील चिमुकले संवेदक व संगणक सेकंदास शेकडो वेळा करतात.

आणि नेमकी येथेच नवशिक्याची फसगत होते. उपग्रहांच्या साहाय्याने जागा धरणारा महाग ड्रोन हात सोडले तरी हवेत स्थिर राहतो, आणि दोन दिवसांत मुलास वाटते, आपणांस विद्या आली. पुढे उंच इमारतींच्या आडोशाने उपग्रहांचा संकेत क्षीण झाला की तोच ड्रोन वाऱ्याबरोबर वाहू लागतो आणि न शिकलेले हात उघडे पडतात. सबब प्रारंभ स्वस्त, हलक्या, पंख्यांभोवती कडे असलेल्या आणि उपग्रहांचा आधार नसलेल्या ड्रोनवर करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. तो पडेल, आपटेल, पण शिकवील.

रिमोटवर दोन दांड्या असतात. सर्वसाधारण मांडणीत डावी दांडी वर-खाली आणि जागच्या जागी वळण्यासाठी, तर उजवी पुढे-मागे व आजूबाजूस जाण्यासाठी. प्रथम यंत्राची पाठ आपल्याकडे ठेवून ते डोळ्यांच्या उंचीवर एक मिनिट स्थिर राखावे. जमिनीला फार लगटून धरू नये. पंख्यांचा वारा जमिनीवर आपटून उलटतो व यंत्र लटपटते. हे साधले की चौकोन काढावा. खरी परीक्षा त्यापुढे आहे. यंत्राचे तोंड आपल्याकडे वळले की उजवे-डावे उलटते. राखी बांधताना समोर बसलेल्या भावाचा उजवा हात बहिणीच्या डावीकडे येतो, तसेच हे आहे. बहुतेक ड्रोन याच घोटाळ्यात झाडावर जातात. जुनी युक्ती अशी की, समोरून येणारे यंत्र ज्या बाजूस झुकेल त्याच बाजूस दांडी लोटावी, जणू तिकडे टेकू दिला. हात न अडखळता इंग्रजी आठाचा आकडा निघेपर्यंत कॅमेऱ्याचे नाव काढू नये.

उतरताना सरळ खाली घाईने येऊ नये. आपल्याच पंख्यांनी ढवळलेल्या हवेत यंत्र सापडते आणि थरथरत कोसळू लागते. किंचित पुढे सरकत, सावकाश उतरावे. उडताना प्रथम वाऱ्याच्या तोंडी जावे, म्हणजे बॅटरी उतरलेली असताना परतीस वारा पाठीशी राहतो. संपर्क तुटल्यास आपोआप परत येण्याची सोय पुष्कळ ड्रोनांत असते. परंतु परतीची उंची आसपासच्या नारळापेक्षा कमी ठेवली असेल, तर ही सोय यंत्र नारळावर नेऊन आदळते.

बॅटरीविषयी मात्र वडील मंडळींनीच दक्ष राहावे. लिथियम-पॉलिमर बॅटरीचा प्रत्येक घट भरला की ४.२ व्होल्ट दाखवितो. ३ च्या खाली गेला तर बिघडतो. ठेवून द्यावयाचा असल्यास सुमारे ३.८ वर ठेवावा. फुगलेली बॅटरी पुन्हा भरू नये व टोचू तर मुळीच नये. ती पेट घेते. रात्री सर्व निजले असताना ती चार्जरला लावून ठेवू नये.

कायद्याकडे वळू. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी २५० ग्रॅमपर्यंतचे 'नॅनो' व २ किलोपर्यंतचे 'मायक्रो' असे वर्ग केले. नॅनोस, आणि हौसेखातर उडविलेल्या मायक्रोस, चालकाच्या प्रमाणपत्राची अट या नियमांनी ठेवली नाही; परंतु आकाशाचे लाल, पिवळे व हिरवे पट्टे केले. हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, इतरत्र लागते. पुण्याच्या लोहगावी हवाईदलाचा तळ आहे, खडकवासल्यास प्रबोधिनी आहे. तेव्हा आपली गच्ची हिरव्यात आहे असे गृहीत न धरता सरकारी नकाशा पाहावा. मुंबईत पोलिसांचे मनाईहुकूमही वेळोवेळी निघतात. आणि अमेरिकेतील काकांस ड्रोन आणावयास सांगू नये. ९ फेब्रुवारी २०२२ रोजी सरकारने तयार परदेशी ड्रोनांच्या आयातीस मनाई केली.

याहून नाजूक प्रश्न शेजाऱ्यांचा. पलीकडच्या गच्चीवर कुरडया घालीत बसलेल्या बायकांवर हे घोंघावणारे यंत्र येऊन थांबले, तर त्यांस काय वाटेल? मुलगा दुष्ट असतो असे नव्हे. त्याला ती गच्ची पडद्यावरचे चित्र म्हणून दिसते, तेथे माणसे राहतात याचा विसर पडतो. त्याला एकदा त्या गच्चीवर उभे करून आपल्या डोक्यावर ड्रोन थांबवून दाखवावा. पुरेसे होते.

पडद्यात डोके घातलेल्यास आकाश दिसत नाही. घार झेपावते आहे, मोकळ्या पटांगणात एखादे पोर धावत येते आहे, हे सांगावयास शेजारी दुसरे माणूस हवेच. बहुतेक घरी रिमोट चिरंजीवांच्या हाती आणि कन्या नुसती पाहत उभी, असा प्रकार दिसतो. पहिल्या बॅटरीस भावाने उडवावे व बहिणीने आकाश राखावे. दुसरी बॅटरी घातली की रिमोट तिच्या हाती द्यावा.