सोळा हात शिळेमागची माणसं

मुंबई-हावडा लोहमार्गावर गोंदिया मागे पडलं की आमगाव, सालेकसा, दरेकसा ही स्टेशनं येतात. दरेकसानंतरचं बोरतलाव छत्तीसगडातलं. एक्स्प्रेस गाड्या हा टापू भराभर ओलांडून जातात, आणि याच डोंगरांत एक गुहा आहे, जिच्यातून आपले पूर्वज जगात आले असं लाखो गोंड माणसं मानतात. तिचं नाव कचारगड.

पायथ्याच्या धनेगावातून निघणारी गुहेची वाट जंगलातून जाते. सवय नसलेल्यालाही जमेल अशी. दम लागतो तो शेवटच्या चढावर. दोन्ही बाजूंना साग, तेंदू, मोह, बांबू आणि ऐन. या ऐनापाशी जरा थांबावं. झाडीपट्टीत याला येन म्हणतात, गोंडीभाषक भागात साजा. मगरीच्या पाठीसारखी चौकोनी चिरांची साल लगेच ओळखू येते. कोरड्या दिवसांत काही ऐन खोडात पाणी साठवून ठेवतात, आणि जाणकार माणूस खोडावरचा फुगवटा नेमका हेरून झाडातून पाणी काढतो. गोंडांचा बडादेव याच झाडात वसतो. म्हणजे देवस्थान गुहेशी सुरू होत नाही. वाटेवरचं झाडच आधी देव असतं. प्रत्येक कुळाने एक झाड, एक प्राणी आणि एक पक्षी राखायचा, अशी परंपरा आहे. कुळं मानली जातात ७५०. हिशेब करा: २,२५० जिवांना कुणी ना कुणी राखणदार. हा आकडा कुणी मोजून पडताळायचा नसतो, पण जंगल सगळ्यांनी मिळून राखायची इतकी सुटसुटीत वाटणी मला दुसरीकडे दिसलेली नाही.

पायाखालचा खडकही सामान्य नाही. इथल्या गावांची नावं भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत जाऊन बसली आहेत: आमगाव नाइस, बिजली रायोलाईट, बोरतलाव. यातल्या काही खडकांचं वय दोनशे कोटी वर्षांच्या पलीकडे जातं. अजिंठा-वेरूळ ज्या काळ्या कातळात कोरली, तो साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. यांच्यापुढे तो कालचा पोर. शिवाय तिथे छिन्नी चालली, इथे कुणाची चालली नाही. अशा जुन्या कठीण खडकात भेगांमधून पाणी झिरपतं, झाडांची मुळं घुसतात, उन्हाळ्या-हिवाळ्यात दगड फुगतो-आकसतो, आणि छताचे चिरे एकेक करून खाली येतात. म्हणून अशा गुहांच्या तोंडाशी बहुधा प्रचंड शिळा पडलेल्या असतात. हे ध्यानात ठेवा, कारण कथाही शिळेचीच आहे.

कथा अशी: गोंडांची मुलं या गुहेत कोंडली गेली आणि तोंडावर मोठी शिळा लोटली गेली. त्यांच्यासाठी कली कंकाली माता व्याकुळ झाली. गोंडांचा आदिगुरू पारी कुपार लिंगो, त्याच्या सोबतीला जंगो रायताड आणि हिरासुका पाटालीर नावाचा वादक असे तिघं सोडवायला आले. हिरासुकाने किंगरी हे तंतुवाद्य वाजवलं. आतल्या मुलांना ते सूर ऐकून असा जोर चढला की सगळ्यांनी मिळून रेटा दिला आणि शिळा हलली. ती गडगडत आली आणि वाजवणाराच तिच्याखाली सापडला. मुलं सुटली. लिंगोने त्यांना कुळं दिली, रीत शिकवली. ज्या धर्माच्या मुळाशी एका वादकाचं बलिदान आहे, तो गाण्याला किती मानत असेल!

आणि मानतोच. गोंडांचा इतिहास पिढ्यान्‌पिढ्या राहिला तो परधानांच्या, म्हणजे त्यांच्या भाटांच्या गळ्यात. नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी लिंगोचं गाणं गोंडीत उतरवून घेतलं. १८६३ साली ते नदी ओलांडताना बुडाले. त्यांची टिपणं रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापली. त्या गाण्यात शिळा सोळा हात लांब आहे आणि कोंडणारा महादेव आहे. पार्वतीला मात्र गोंडांवाचून करमत नाही. लिंगो सोडवणुकीची विनंती करतो, तेव्हा महादेव त्याला बिंदो पक्ष्याची पिलं आणायला सांगतो. समुद्रकाठी तीच पिलं खाणाऱ्या नागाला लिंगो मारतो, आणि पक्षी त्याला पंखावर घेऊन परत येतात. गुहेच्या जागेचं नाव गाण्यात काचीकोपा लोहागड असं येतं.

पुढे मोतीरावण कंगाली आणि इतर जाणकारांनी हे ठिकाण म्हणजे कचारगड असं मांडलं. कंगाली नागपूरचे, रिझर्व्ह बँकेत नोकरी करता करता गोंडी भाषेचा आणि कोया पुनेम या गोंडी धर्माचा अभ्यास केलेले. २०१५ मध्ये ते गेले. कचारगडची आजच्या रूपातली जत्रा ऐंशीच्या दशकात मूठभर लोकांनी सुरू केली. आता माघ पौर्णिमेच्या सुमारास मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशातून माणसं येतात. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख नोंदले गेले. घरातली गोंडी विसरलेले गोंड त्याहून कितीतरी जास्त, आणि तेही इथे येतात.

कचारगडची गुहा आशियातली सगळ्यात मोठी, असं सर्रास लिहिलं जातं. हे सोडून द्यावं. व्हिएतनाममधली सोन डूंग गुहा पाच किलोमीटरहून लांब आहे आणि काही ठिकाणी तिचं छत २०० मीटरच्या आसपास उंच जातं, तीही आशियातच. कचारगडला हे बिरुद लागतच नाही. त्याची सोयरीक मापांशी नाही, कथांशी आहे. पेरूतल्या इंका राजवंशाचे मूळपुरुष पाकारितांपूच्या गुहेतून निघाले. मेक्सिकोतल्या अझ्टेकांचे पूर्वज चिकोमोझ्तोकच्या सात गुहांतून. हजारो मैलांवरच्या लोकांनी एकमेकांना न भेटता पृथ्वीलाच आईचं पोट मानलं.

कचारगडला कळस नाही आणि गाभाराही नाही. छत आहे ते डोंगराचंच.

जायचं असेल तर दरेकसा स्टेशन जवळचं. रस्त्याने गोंदियाहून सालेकसामार्गे जाता येतं. गर्दी सोसत नसेल तर जत्रेचे दिवस टाळा, पण माणसं पाहायची असतील तर माघ पौर्णिमाच गाठा. कड्यांवर आग्या मोहोळं असू शकतात, तेव्हा धूर करू नका. पूजा चालू असताना विचारल्याशिवाय फोटो काढू नका. कुणी ‘जय सेवा’ म्हटलं तर तुम्हीही ‘जय सेवा’ म्हणा.