इसबगोल पोटाला मानवावा कसा?



'इसबगोल घेऊन पाहिला, पण पोट आणखीच फुगले, म्हणून सोडून दिला.' रविवारी उपासनेनंतर चहा घेताना तब्येतीचा विषय निघाला की हे वाक्य हमखास कानावर येते. बोलणाऱ्यांपैकी काही जण माझ्यासारखेच आयबीएसचे, म्हणजे चिडखोर आतड्याच्या विकाराचे, रुग्ण असतात. मला हा विकार बारा वर्षांपासून आहे आणि त्यांतली दहा वर्षे मी रोज इसबगोल घेत आहे. तो मला मानवला, कारण सुरुवात कशी करायची हे एका अनुभवी परिचारिकेने मला आधीच नीट समजावून सांगितले होते. तीच माहिती आज आपल्यापुढे ठेवते.

विकार नेमका काय आहे?

आयबीएसमध्ये आतड्यात जखम किंवा गाठ सापडत नाही. तपासण्या ठीक येतात. तरीही पोटात कळ येते, पोट फुगते, कधी बद्धकोष्ठ होते तर कधी जुलाब. मेंदू आणि आतडे यांच्यातला संदेशांचा मेळ बिघडलेला असतो आणि आतड्याची संवेदना तीव्र झालेली असते. इतरांना जाणवणारही नाही एवढा वायू आम्हाला दुखतो.

हा आजार जिवावर बेतत नाही, पण माणसाला घरात कोंडून ठेवतो. एसटीचा लांबचा प्रवास असो, पाड्यावरचा मुक्काम असो की प्रीतिभोजन, मनात पहिला प्रश्न येतो तो शौचालयाचा. काही जण हळूहळू बाहेर जाणेच बंद करतात. म्हणून एक स्वस्त आणि साधा उपाय पहिल्या चार दिवसांतच सोडला जातो, तेव्हा मला वाईट वाटते.

सगळा चोथा सारखा नसतो

अन्नातला चोथा, ज्याला आपण फायबर म्हणतो, ढोबळमानाने दोन प्रकारचा असतो. गव्हाच्या कोंड्यातला बहुतेक चोथा पाण्यात विरघळत नाही. इसबगोलाचा भुसा आणि ओट्स यांत विरघळणारा चोथा भरपूर असतो.

'पोटाचा त्रास आहे ना, मग कोंडा खा,' असा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. नेदरलँड्समध्ये आयबीएसच्या 275 रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाला रोज 10 ग्रॅम इसबगोल, दुसऱ्याला 10 ग्रॅम कोंडा आणि तिसऱ्याला नुसते तांदळाचे पीठ बारा आठवडे दिले. पहिल्या महिन्यात इसबगोलाच्या गटातील 57 टक्के रुग्णांना पुरेसा आराम वाटला, पिठाच्या गटात 35 टक्क्यांना. कोंड्याच्या गटातून सर्वांत जास्त रुग्ण बाहेर पडले, बहुतेक त्रास वाढल्यामुळे. अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2021 च्या मार्गदर्शनात आयबीएससाठी विरघळणाऱ्या चोथ्याचीच शिफारस केली आहे.

विरघळणाऱ्या चोथ्यातही फरक आहेच. मोठ्या आतड्यातले जंतू चोथा आंबवतात आणि त्यातून वायू तयार होतो. इनुलिन नावाचा चोथा फार लवकर आंबतो. तो 'हाय फायबर' लिहिलेल्या काही बिस्किटांत आणि पावडरींत घातलेला असतो. इसबगोल मात्र फार थोडा आणि सावकाश आंबतो. तो पाणी धरून जेलीसारखा होतो. कडक शौचाला तो मऊ करतो आणि पातळ शौचातले पाणी धरून त्याला आकार देतो. म्हणूनच बद्धकोष्ठ आणि जुलाब या दोन्ही तक्रारींत त्याचा उपयोग होऊ शकतो. शिवाय तो आपल्याच मातीतला आहे. गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेशात त्याचे रब्बी पीक घेतात आणि उत्तर गुजरातेतील उंझा ही त्याची मोठी बाजारपेठ आहे.

सुरुवात अशी करावी

पहिला आठवडा: दिवसातून एकदा चहाचा अर्धा चमचा भुसा. मोठा पेलाभर पाण्यात घालून ढवळावा आणि घट्ट व्हायच्या आत लगेच प्यावा. त्यावर आणखी अर्धा ते एक पेला पाणी प्यावे. कोरडा भुसा कधीही तोंडात टाकू नये, तो घशात फुगून अडकू शकतो. घेतल्यावर लगेच आडवेही होऊ नये.

पुढचे आठवडे: पोट शांत असेल तर दर आठवड्याला अर्धा चमचा वाढवावा. प्रमाण वाढले की सकाळ-संध्याकाळ विभागून घ्यावे. पोट फुगू लागले तर बंद न करता एक पायरी खाली उतरावे, तिथे आठवडाभर थांबावे आणि मग पुन्हा वर जावे. थोडा वायू सुरुवातीला होतोच. तो बहुधा दिवस जातील तसा कमी होतो. शौच मऊ आणि आकाराचे होऊ लागले की प्रमाण वाढवणे थांबवावे. माझे पोट सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन चमच्यांवर स्थिरावले. तिथे पोहोचायला दहा आठवडे लागले, कारण मध्ये एकदा एक पायरी खाली यावे लागले. आपले प्रमाण याहून कमी किंवा जास्त असू शकेल. त्या प्रमाणावर महिनाभर राहूनच उपयोग झाला की नाही ते ठरवावे.

दोष इसबगोलाचा की सोबत्याचा?

पुष्कळ घरांत इसबगोल दुधातून घेतात. ज्यांना दूध पचत नाही त्यांचे पोट दुधाने फुगते आणि बोल इसबगोलाला लागतो. म्हणून आधी तो साध्या पाण्यातून घेऊन पाहावा. काही तयार चूर्णांत सोनामुखी मिसळलेली असते. तिने पोटात मुरडा येतो. स्वादाच्या पाकिटांत साखर असते, कधी सॉर्बिटॉलसारखा गोडवा असतो, जो आयबीएसच्या पोटाला सोसत नाही. पाकिटावरील बारीक अक्षरे वाचावीत आणि शक्यतो नुसता भुसाच घ्यावा. त्याच आठवड्यात कडधान्ये किंवा नवे औषध सुरू करू नये, नाहीतर त्रास कशाने झाला ते कळत नाही.

आधी डॉक्टरांना विचारा

गिळायला त्रास होणे, आतड्यात पूर्वी अडथळा येऊन गेलेला असणे, शौच पूर्ण अडकून पोट ताठ होणे, अशा वेळी इसबगोल घेऊ नये. थायरॉइड, लोह किंवा इतर गोळ्या चालू असतील तर त्यांत आणि इसबगोलात निदान दोन तासांचे अंतर ठेवावे. मधुमेहींनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी, कारण त्याने रक्तातील साखर थोडी उतरू शकते.

शौचातून रक्त जाणे, वजन घटणे, ताप, रक्त कमी होणे, जुलाबाने रात्री झोपेतून उठावे लागणे, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच असा त्रास सुरू होणे, ही आयबीएसची लक्षणे समजू नयेत. आपल्या देशात आतड्याचा क्षयही पोटदुखी, जुलाब आणि वजन घटणे अशा रूपाने सुरू होतो आणि वेळेवर औषध मिळाले तर तो बरा होतो. आपल्यापैकी जे आरोग्य शिबिरांत मदतीला जातात त्यांना माझी ही खास विनंती आहे. पाड्यावर कोणी 'पोट महिनाभर दुखतेय' म्हणाले तर आपल्या पिशवीतला इसबगोल त्यांच्या हातावर ठेवू नका. त्यांना तपासणीसाठी न्या.

आणि तपासणीनंतर ज्यांना डॉक्टरांनी आयबीएसच सांगितला आहे, त्यांनी अर्ध्या चमच्यापासून सुरुवात करावी. मागे कधी इसबगोल सोडून दिला असेल तरी हरकत नाही. सावकाश वाढवत गेल्यास त्याच पोटाला तोच भुसा पुष्कळदा मानवतो.