हळदीचा गट

होमिओपॅथीच्या डॉक्टरला पेटंटच्या वर्गीकरणाशी काय कर्तव्य, असे तुम्हांला वाटेल. पण उज्जैनच्या माझ्या दवाखान्यात केंटची रेपर्टरी रोज उघडावी लागते. तिच्यात नुसत्या 'डोकेदुखी'खाली औषधांची भलीमोठी रांग, तर एखाद्या विचित्र लक्षणाखाली एकच औषध. ती रांग रोग्याच्या कामाची नाही. 'उन्हाने', 'जागरणाने' असे पोटभेद पाहिले की औषध हाती लागते.

पेटंटचे वर्गही असेच. १९७१च्या स्ट्रासबर्ग कराराने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात आठ विभाग आणि सत्तर हजारांहून अधिक नोंदी आहेत. ज्या गटात अर्जांची गर्दी होते तो फोडतात आणि जुने कागद नव्या गटांत हलवतात. जिथे नवे काही घडत नाही, तो गट किरकोळच राहतो. नवा अर्ज आला की परीक्षक त्या गटात आधीचे काही आहे का, ते पाहतो. गट अवाढव्य असेल तर तो काय काय धुंडाळणार?

औषधी वनस्पतींचे नेमके हेच झाले होते. कडुनिंब, अश्वगंधा, हळद सारे मुख्यतः 'ए६१के ३५/७८' या एकाच पोत्यात. शिवाय आपले जुने ग्रंथ त्या पोत्यात नव्हतेच. १९९५ मध्ये हळदीने जखम भरण्यावर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला अमेरिकेत पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. संस्थेने ३२ संदर्भ शोधून काढले, त्यांत संस्कृत, उर्दू, हिंदीतलेही होते, आणि १९९७ मध्ये पेटंटचे दावे फेटाळले गेले. आजीने बोटावर दाबलेली हळद सिद्ध करायला छापील कागद लागला!

पण दर वेळी असे लढणे परवडणारे नव्हते. म्हणून २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय उभे राहू लागले. त्याच्या स्वतंत्र वर्गीकरणात उपगट पंचवीस हजारांच्या घरात गेले. त्या प्रयत्नांमुळे जानेवारी २००६ पासून आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही वनस्पतींसाठी 'ए६१के ३६' हा नवा गट आला, सुमारे दोनशे उपगटांचा. मला हे दोनशे थोडेच वाटतात. हळदीला त्यात ३६/९०६६ हा आकडा मिळाला.

आम्हा जैनांच्या घरी ओली हळद कंदमूळ म्हणून वर्ज्य, वाळली की चालते. ३६/९०६६ मध्ये मात्र ओली, सुकी आणि आंबेहळद एकाच पंक्तीला बसतात.