राखलेली वने आणि आणलेले लाकूड

चीड, देवदार, फर, स्प्रूस या वृक्षांची पाने सुईसारखी बारीक असतात. म्हणून त्यांस सूचिपर्णी वृक्ष म्हणतात. त्यांचे लाकूड बहुधा हलके, सरळ धाग्यांचे व कापण्यास सोपे असते. व्यापारात त्यास ‘मऊ लाकूड’ अशी संज्ञा आहे. घरांचे वासे, फळ्या, खोकी यांसाठी ते जगभर वापरले जाते. जपान व चीन या दोन शेजारी देशांनी हे लाकूड परदेशांतून फार मोठ्या प्रमाणावर आणले. परंतु त्यांची कारणे व काळ मात्र भिन्न होते.

जपानची सुमारे दोन-तृतीयांश भूमी वनाच्छादित आहे. मग त्या देशास लाकूड बाहेरून का आणावे लागले? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथील कित्येक डोंगर वृक्षतोडीमुळे उघडे पडले. युद्धानंतर त्यांवर सुगी व हिनोकी या सूचिपर्णी वृक्षांची अफाट लागवड करण्यात आली. पण रोप तोडणीस येण्यास चाळीस-पन्नास वर्षे लागतात, आणि लोकांना घरे तर तत्काळ हवी होती. म्हणून १९६४ साली जपानने लाकडाची आयात पूर्णपणे खुली केली. अमेरिका, कॅनडा व सोव्हिएत संघ येथून ओंडक्यांची जहाजे येऊ लागली. १९५५ च्या सुमारास सर्व प्रकारच्या लाकडाच्या गरजेपैकी नऊ-दशांशांहून अधिक लाकूड देशातच मिळे. २००२ साली हे प्रमाण एक-पंचमांशाहूनही खाली आले. तोवर लावलेली झाडे मोठी होत आली होती; पण बाहेरच्या लाकडापुढे उभ्या चढावरील ती झाडे तोडणे परवडेना. विरळणीवाचून अनेक वने दाटली आणि त्यांच्या तळाशी ऊनही पोहोचेना. पुढे घरबांधणी मंदावली, देशी लाकडाचा वापर वाढला व २०२० साली त्याचा वाटा पुन्हा सुमारे ४० टक्क्यांवर गेला.

चीनची कथा निराळी आहे. १९९८ साली यांगत्से नदीस महापूर आला आणि हजारो माणसे प्राणांस मुकली. नदीच्या वरच्या खोऱ्यातील वृक्षतोड हे त्याचे एक कारण मानले गेले. तेव्हा सरकारने नैसर्गिक वनांतील तोड थांबविण्यास आरंभ केला व १९९९ साली लाकडावरील आयातकर काढून टाकला. १९९७ साली रशियातून चीनमध्ये जेमतेम १० लाख घनमीटर ओंडके येत. २००७ साली ते सुमारे अडीच कोटी घनमीटर झाले. पुढे रशियाने ओंडक्यांवरील निर्यातकर वाढविला आणि २०२२ पासून सूचिपर्णी ओंडक्यांची निर्यातच बंद केली. चीन मग रशियातून कापीव लाकूड, तर न्यूझीलंडमधून पाइनचे ओंडके आणू लागला. २०२१ नंतर मात्र तेथील घरबांधणी थंडावली, तशी आयातही घटली.

जपानची आयात रोपे वाढेपर्यंतची सोय म्हणून वाढली आणि पुढे अंगवळणी पडली. चीनची आयात स्वतःची वने राखण्याच्या निश्चयातून वाढली. दोन्हींत एक गोष्ट समान आहे. स्वदेशीच्या डोंगरावर न चाललेली कुऱ्हाड दूरच्या कोणत्या तरी रानात चाललीच. म्हणून एखाद्या देशाने किती वने राखली हे मोजताना, त्याने लाकूड कोठून आणले हेही पाहावे लागते. गरज बेताची ठेवणे व तोडलेल्या झाडाच्या जागी दुसरे लावून ते जोपासणे, यानेच दोन्हीकडची वने टिकतात.