मुक्काम तंबूत, सोबतीला मुले : आफ्रिकेतील मोटारप्रवासाची पूर्वतयारी

आफ्रिका म्हटले की सिंह, हत्ती आणि सेरेंगेटीच्या गवताळ मैदानातून धावणारे प्राण्यांचे कळप डोळ्यांसमोर उभे राहतात. मराठी पर्यटक या खंडात जातो तो बहुधा सहल कंपनीचे बोट धरून. गाडी दुसरा चालवतो, मुक्काम लॉजमध्ये असतो आणि जेवण वेळेवर पानात पडते. मात्र दक्षिण आफ्रिका, नामिबिया व बोट्सवाना या देशांत प्रवासाची आणखी एक रीत चांगलीच रुळलेली आहे. चारही चाकांना शक्ती पुरवणारी गाडी भाड्याने घ्यायची, तिच्या टपावरील घडीच्या तंबूत झोपायचे, स्वयंपाक आपला आपण करायचा आणि रोज नवा मुक्काम गाठायचा. मुलांसाठी हा अनुभव आयुष्यभराची शिदोरी ठरू शकतो. परंतु त्यासाठीची तयारी नेहमीच्या परदेशवारीपेक्षा अगदी वेगळी असते.

याचे कारण भूगोलात आहे. नामिबियाचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या अडीचपटीहून अधिक, सुमारे सव्वाआठ लाख चौरस किलोमीटर आहे. लोकसंख्या मात्र जेमतेम ३० लाखांच्या घरात. आपल्याकडे गाडी बंद पडली तर दहा मिनिटांत चार माणसे गोळा होतात. तेथे आडवाटेला तासन्‌तास दुसरी गाडी दिसत नाही. घरून निघताना जे बरोबर घेतले नाही, ते वाटेत मिळेलच असे नाही. सारी पूर्वतयारी या एका वाक्याभोवती फिरते.

ऋतू आणि मार्ग

विषुववृत्ताच्या दक्षिणेला ऋतू उलटे असतात. मे ते ऑक्टोबर हा तेथील कोरडा काळ. झाडोरा विरळ होतो, प्राणी पाणवठ्यांवर एकवटतात आणि डासही कमी असतात. महाराष्ट्रातील शाळांची उन्हाळी सुटी नेमकी या काळाच्या प्रारंभी येते, ही सोयीची गोष्ट. दिवस सुखद असले तरी रात्री गारठा पडतो. जून-जुलैत कालाहारीच्या परिसरात पारा शून्याच्या आसपास उतरतो. आफ्रिकेला जायचे म्हणून केवळ सुती कपडे भरणाऱ्यांची तेथे फजिती होते. दिवाळीच्या सुटीत जाणाऱ्यांना याच्या उलट तीव्र उकाड्याची तयारी ठेवावी लागते.

पहिल्या खेपेस नामिबिया उत्तम. राजधानी विंडहूक, सोसुसव्हलेई येथील लाल वाळूच्या टेकड्या, अटलांटिक किनाऱ्यावरील स्वाकोपमुंड आणि उत्तरेचे इटोशा राष्ट्रीय उद्यान असा फेरा दोन आठवड्यांत होतो. इटोशातील मुक्कामाची ठिकाणे कुंपणाच्या आत आहेत आणि ओकाउकेयो येथील पाणवठ्यावर रात्रीही दिवे असल्याने मुलांना भिंतीआडून गेंडे व हत्ती पाहता येतात. बोट्सवानातील मोरेमी आणि चोबे येथील तंबूंच्या जागांना मात्र कुंपण नाही. तेथे हत्ती तंबूजवळून जाऊ शकतो, तरसही फिरकते. म्हणून लहान मुलांच्या कुटुंबाने बोट्सवाना दुसऱ्या खेपेसाठी राखून ठेवणे शहाणपणाचे. कोठेही गेले तरी जागांचे आरक्षण जवळजवळ वर्षभर आधी करावे लागते.

कागदपत्रे

व्हिसाचे नियम वरचेवर बदलतात. तिकिटे काढण्यापूर्वी संबंधित वकिलातीकडून ते तपासून घ्यावेत. एका देशातून दुसऱ्यात जाऊन पुन्हा पहिल्यात परतायचे असेल तर अनेकवार प्रवेशाचा व्हिसा आवश्यक ठरतो. १८ वर्षांखालील मुलांसाठी आई-वडिलांची नावे असलेला जन्मदाखला जवळ ठेवावा. आई किंवा वडिलांपैकी एकजणच सोबत असेल, तर दुसऱ्याचे संमतीचे प्रतिज्ञापत्रही असावे. अपहृत मुलांची वाहतूक रोखण्यासाठी या देशांनी सीमेवरील तपासणी कडक केली आहे. कागद नाही म्हणून विमानतळावरच अडवणूक होऊ शकते.

आपल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयातून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना मूळ परवान्यासह न्यावा. भाड्याची गाडी सीमेपार न्यायची असेल, तर गाडीच्या मालक कंपनीचे लेखी अनुमतीपत्र लागते. विम्याच्या बाबतीत दोन प्रश्न स्पष्ट विचारावेत : टायर, काच आणि गाडी उलटल्यास होणारे नुकसान त्यात येते काय, आणि रुग्णाला विमानाने मोठ्या शहरात हलवण्याचा खर्च कोण करणार?

गाडी आणि रस्ता

आफ्रिकेतील वन्य श्वापदांची भीती सर्वांनाच वाटते. मोटारीने फिरणाऱ्या कुटुंबाला मोठा धोका असतो तो रस्त्याचा. गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालवायची असते, त्यामुळे चालक निर्धास्त होतो. पण नामिबियातील बहुतेक रस्ते खडी-मुरुमाचे आहेत. ते सरळ, रुंद आणि मोकळे असल्याने वेग नकळत वाढतो; मग वळणावर किंवा प्राणी आडवा येताच जोरात ब्रेक दाबला जातो आणि टपावर तंबूचे ओझे असलेली उंच गाडी उलटते. खडीवर ताशी ८० किलोमीटरच्या आतच राहावे. स्टिअरिंगला हिसका देऊ नये. सर्वांनी, मागे बसलेल्या मुलांनीही, पट्टा लावलाच पाहिजे. लहान मुलांचे आसन गाडीबरोबरच आरक्षित करावे.

टायरमधील हवा हे येथील दुसरे शास्त्र. वाळूत हवा कमी केली की टायर पसरतो, जमिनीवरील त्याची पकड वाढते आणि गाडी रुतत नाही. खोल वाळूसाठी ती १८ ते २० पाऊंडांपर्यंत उतरवतात. पुन्हा पक्का रस्ता लागताच ती भरून घ्यावी, अन्यथा टायर तापून फुटतो. म्हणून हवा मोजण्याचे यंत्र, बॅटरीवर चालणारा पंप, दोन स्टेपन्या, जॅक, पान्हे, फावडे आणि टोचनाचा पट्टा गाडीत आहेत याची ताबा घेतानाच खात्री करावी. एक चाक तेथेच, कंपनीच्या आवारात, स्वतः बदलून पाहावे. जॅकखाली ठेवायची फळी विसरली असेल, तर ते रानात कळण्यापेक्षा आवारात कळलेले बरे.

सूर्यास्तानंतर गाडी चालवू नये, हा नियम कधीही मोडू नये. गाढवे, गुरे आणि कुडूसारखी मोठी हरणे अंधारात अचानक रस्त्यावर येतात. दुपारी चारपर्यंत मुक्काम गाठायचा, असा हिशेब ठेवून दिवसाचा पल्ला ठरवावा. मुले बरोबर असताना ३०० किलोमीटर पुष्कळ झाले.

पाणी, इंधन आणि शिधा

बोट्सवानात माउनहून मोरेमी-सावुटीमार्गे कासाने गाठेपर्यंत पेट्रोलपंप नाही, आणि वाळूत डिझेल डांबरी रस्त्यापेक्षा पुष्कळच अधिक जळते. अशा ठिकाणी टाकी भरलेली असूनही जादा कॅन घ्यावे लागतात. नामिबियात टाकी अर्धी होताच, दिसेल त्या पंपावर ती भरावी. पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी माणशी रोज पाच-सहा लिटर पाणी धरावे आणि दोन दिवसांचा साठा राखीव ठेवावा. चौघांच्या कुटुंबाला राखीव म्हणूनच सुमारे ५० लिटर पाणी लागेल. ते एका टाकीत न ठेवता निरनिराळ्या कॅनमध्ये विभागावे, म्हणजे एक फुटला तरी सारे वाहून जाणार नाही.

गॅसची टाकी विमानात नेता येत नाही. ती गाडीबरोबर घ्यावी. तांदूळ, डाळी आणि भाज्या विंडहूकच्या बाजारात मिळतात. घरून थालीपिठाची भाजणी, मेतकूट, मसाले आणि छोटा प्रेशर कुकर नेला, तर गॅसही वाचतो आणि तिसऱ्या दिवशी मुलांची कुरकूरही थांबते. खाद्यपदार्थ नेण्यावर त्या त्या देशाची बंधने असतात, म्हणून सीमेवर विचारल्यास ते दाखवावेत. गुरांच्या लाळ्या-खुरकूत रोगाला आळा घालण्यासाठी या देशांत शेकडो किलोमीटर लांबीची कुंपणे घातली आहेत. नामिबियात उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना या चौक्यांवर कच्चे मांस काढून घेतले जाते. बोट्सवानात बूट आणि टायर जंतुनाशक द्रावणात बुडवावे लागतात.

आरोग्य

मुंबई-ठाण्याच्या माणसाला मलेरिया नवा नाही आणि गैरसमज येथूनच सुरू होतो. आफ्रिकेत प्रामुख्याने फाल्सिपेरम हा घातक प्रकार आढळतो. लहान मुलाची प्रकृती एक-दोन दिवसांत चिंताजनक होऊ शकते. नामिबियाचा वाळवंटी भाग व किनारपट्टी जवळपास मलेरियामुक्त आहे, तर उत्तर नामिबिया आणि बोट्सवानाच्या ओकावांगो-चोबे भागात धोका असतो. प्रतिबंधक गोळ्यांची मात्रा मुलांच्या वजनानुसार ठरते आणि काही गोळ्या आठ वर्षांखालील मुलांना देत नाहीत. म्हणून किमान सहा आठवडे आधी डॉक्टरांची भेट घ्यावी. परतल्यानंतरही काही दिवस, औषधानुसार काही आठवडे, गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. पुढील काही महिन्यांत ताप आलाच, तर आफ्रिकेत जाऊन आल्याचे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे.

केनिया, युगांडा किंवा इथिओपियात मुक्काम होणार असेल, तर भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र लागते. ते नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहण्याची वेळ येऊ शकते. ही लस केवळ सरकारमान्य केंद्रांतच मिळते. प्रमाणपत्र लशीनंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात आणि २०१६ पासून ते आजन्म वैध असते.

सर्पदंशावरील भारतीय लस बरोबर नेण्याचा खटाटोप व्यर्थ आहे. ती आपल्याकडील सापांसाठी बनवलेली असते. जखम कापू किंवा चोखू नये. अवयव स्थिर ठेवून रुग्णालय गाठावे. दूरच्या भागासाठी उपग्रह दूरध्वनी तेथेच भाड्याने घ्यावा व तेथेच परत करावा, कारण भारतात तो परवानगीविना बाळगणे गुन्हा आहे.

तंबूतील रात्र

कुंपण नसलेल्या मुक्कामावर नियम थोडे, पण अटळ असतात. अंधार पडल्यावर मुले हाताच्या अंतरावर असावीत. प्राणी दिसला तरी धावू नये. खाद्यपदार्थ, कचरा, भांडी आणि चपलासुद्धा गाडीत बंद कराव्यात. तरस चामड्याचे बूटही पळवते. संत्री-मोसंबीच्या वासाने हत्ती ओढले जातात, म्हणून ही फळे नेऊच नयेत. तंबूची चेन पूर्ण लावावी. रात्री शिडी उतरून प्रसाधनगृहाकडे जाण्याऐवजी झाकणाची बादली तंबूत ठेवावी. हे ऐकायला ओशाळवाणे वाटते, पण अनुभवी प्रवासी हेच करतात. नदीकाठी मुलांना हातपाय धुण्यासाठीही पाठवू नये. मगर दिसत नाही आणि पाणघोड्याची वाट अडवणे जिवावर बेतते.

रंगीत तालीम

निघण्यापूर्वी सह्याद्रीत, भंडारदऱ्यासारख्या ठिकाणी, दोन रात्री तंबूत काढाव्यात. चूल पेटवणे, अंधारात सामान शोधणे, पहाटेच्या थंडीत उठणे यांची सवय होते आणि कोणती वस्तू राहिली तेही कळते. मुलांना कामे वाटून द्यावीत : एकाने पाणी मोजायचे, दुसऱ्याने तंबूची चेन तपासायची.

आणखी एक गोष्ट घरीच ठरवावी. रस्ता पुढे अवघड दिसला, कोणाला ताप भरला किंवा चालक थकला, तर मागे फिरायचे; आणि ते सुचवण्याचा अधिकार कुटुंबातील प्रत्येकाला, धाकट्यालाही असावा. भरलेल्या आरक्षणाचे पैसे बुडतील या विचाराने पुढे रेटलेला प्रवासच बहुधा अंगाशी येतो. रात्रीच्या शांततेत दूरवरून सिंहाची डरकाळी येते, तेव्हा तंबूतले मूल आईला बिलगते आणि थोड्या वेळाने निवांत झोपी जाते. त्या झोपेमागे घरी केलेली सहा महिन्यांची तयारी असते.