गल्लीतला निळा धूर, खिशातलं पेट्रोल

सकाळी सहाला वस्तीत पहिली किक बसते. मंडईत भाजी आणायला जाणारा, दुधाचे कॅन पोचवणारा, पेपर टाकणारा, भंगार गोळा करणारा. कुणाची चेतक, कुणाची एम-८०, कुणाची लुना. चोक ओढून गाडी दारातच तापवत ठेवली जाते. चार फुटांच्या गल्लीत निळसर धूर भरतो आणि उघड्या दारातून आत जातो, जिथे मुलं अजून झोपलेली असतात. घरोघर फिरताना खोकणाऱ्या मुलाची चौकशी करतो तेव्हा चूल, बिडी, भिंतीची ओल यांच्याबरोबर आम्ही आता आणखी एक प्रश्न विचारतो : दारात कुणाची गाडी सुरू होते?

गाडीवाल्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्यासाठी हे लिहीत नाही. त्या गाडीवर त्याचं घर चालतं, आणि नवी घेण्याइतके पैसे हातात नाहीत. शिवाय तो धूर म्हणजे त्याच्याच खिशातून गेलेलं पेट्रोल आहे. धूर कमी करायचे बहुतेक उपाय अॅव्हरेजही वाढवतात. म्हणजे इथे मुलाची छाती आणि बापाचा खिसा एकाच बाजूला आहेत.

टू-स्ट्रोक इंजिनात जळका धूर बाहेर जायचं दार आणि नवं पेट्रोल आत यायचं दार काही क्षण एकाच वेळी उघडी असतात. नवं पेट्रोल आत येतं आणि त्यातलं काही न जळताच सायलेन्सरमधून निघून जातं. हा वाया जाणारा वाटा कधीकधी तिसऱ्या हिश्शापर्यंत असतो. दुसरी गोष्ट तेलाची. या इंजिनाला वेगळं ऑइल चेंबर नसतं, म्हणून पेट्रोलमध्येच टू-टी ऑइल मिसळावं लागतं आणि तेही जळून बाहेर पडतं. निळा रंग त्या तेलाचा. त्याचे कण इतके बारीक असतात की नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. न जळलेल्या पेट्रोलबरोबर बेंझिन येतं, ते कर्करोगाला कारण ठरतं. आणि कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्याला ना रंग, ना वास. डोकं दुखतं, मळमळतं, आणि आपण म्हणतो पित्त झालं असेल. गरोदर बाईच्या रक्तातला ऑक्सिजन घटला की पोटातल्या बाळालाही तो कमी पडतो.

सगळ्यात सोपी सुधारणा तेलाच्या मापात आहे. बहुतेक टू-स्ट्रोक दुचाकींना एक लिटर पेट्रोलला २० मिली तेल पुरतं, तीनचाकीला ३० मिली. फार जुन्या काही गाड्यांना जास्त लागतं, म्हणून कंपनीच्या पुस्तिकेतलं माप शेवटचं मानावं. पण ‘थोडं जास्त टाक, इंजिन टिकेल’ हा समज पक्का बसलाय आणि लोक अंदाजाने ओततात. लिटरला २० ऐवजी ५० मिली पडत असेल आणि रोज दोन लिटर पेट्रोल लागत असेल, तर महिन्याला १८०० मिली तेल उगाच जळतं. ते पेट्रोलपेक्षा महाग असतं. त्यातून इंजिन टिकत नाहीच. प्लग काळा होतो, सायलेन्सरमध्ये कार्बन साचतो, गाडी ओढत नाही, मग आपण अॅक्सिलरेटर आणखी पिळतो. दिल्लीच्या हवेच्या खटल्यात १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने सुटं टू-टी ऑइल विकायला बंदी घालून पंपावर मोजून मिसळलेलंच द्यायला सांगितलं, ते याच कारणाने. आपल्याकडे औषधाच्या बाटलीचं मापाचं झाकण घरोघर असतं. तेच तेलासाठी वेगळं ठेवा, पुन्हा औषधाला वापरू नका. तेल सीलबंद, कमी धुराचं टू-टीच घ्या. दुसऱ्या गाडीतून काढलेलं जळकं ऑइल गाळून घालणारे आम्ही पाहिलेत. तो धूर सर्वांत वाईट. रॉकेलची भेसळही तशीच. मात्र धुराच्या भीतीने तेल अगदीच तोडू नका, पिस्टन जाम होईल आणि रोजगार बुडेल.

मग मेकॅनिककडे. एअर फिल्टर धुळीने भरला की हवा कमी पडते, पेट्रोल जास्त. बरेच जण वर्षानुवर्षे तो उघडतच नाहीत. प्लग काढून रंग पाहा : कॉफीसारखा तपकिरी असेल तर ठीक, काळा आणि तेलकट असेल तर पेट्रोल किंवा तेल जास्त जातंय, पांढरा पडला असेल तर इंजिन तापतंय. जास्त अॅव्हरेजच्या हव्यासाने कार्बोरेटरचं पेट्रोल फार कमी करून घेतलं की हाच पांढरा रंग येतो आणि पुढे पिस्टन जातो. हेड, धूर बाहेर पडायचं तोंड आणि सायलेन्सर यांतला कार्बन खरवडून घेतला की म्हातारी गाडीही मोकळा श्वास घेते. चेतकसारख्या स्कूटरमध्ये एक खास दुखणं असतं. क्लचच्या बाजूचं ऑइल सील फाटलं की इंजिन गिअरबॉक्समधलं तेल आत ओढतं. मग तुम्ही कितीही मोजून तेल घाला, धूर थांबत नाही. गिअरचं तेल वारंवार कमी होत असेल तर आधी ते सील तपासायला सांगा. त्याची किंमत फार नसते, पण इंजिन खोलावं लागतं, म्हणून मजुरी आधी ठरवा.

काही गोष्टींना पैसाही लागत नाही. गाडी ढकलत मोठ्या रस्त्यावर न्या आणि तिथे किक मारा. इंजिन तापलं की चोक लगेच आत करा. चोक अर्धवट ओढून दिवसभर फिरणाऱ्या गाड्या कमी नाहीत. उभी केली की पेट्रोलचा कॉक बंद करा. चोरीच्या भीतीने गाडी रात्री खोलीत घेतात, ते आम्हाला कळतं, पण खोलीत ती एक मिनिटही सुरू करू नका.

पीयूसी आहे म्हणून निश्चिंत राहू नका. ३१ मार्च २००० पूर्वीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९००० पीपीएमपर्यंत सूट आहे. पेट्रोल गाडीच्या त्या तपासणीत तेलाचा निळा धूर मोजलाच जात नाही. आणखी एक गंमत. २०२१ च्या केंद्राच्या नियमाने पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. ती प्रदर्शनात मिरवते, रोज रस्त्यावर चालवायची नसते. तिच्याहून दहा वर्षांनी लहान असलेली आपली गाडी मात्र खटारा ठरते आणि ती रोजच चालवावी लागते.

फिलिपाइन्समध्ये टू-स्ट्रोक दुचाकीला बाजूचा डबा जोडून रिक्षा करतात, त्यांना ट्रायसिकल म्हणतात. अमेरिकेच्या कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातल्या मंडळींनी उभारलेल्या एन्व्हायरोफिट या संस्थेने तिथे जुन्या इंजिनांवर बसणारा एक संच आणला. तो बाहेर जायचं दार बंद होत आल्यावरच पेट्रोल आत फवारतो, त्यामुळे निसटून जाणारं पेट्रोल वाचतं. पेट्रोलचा खर्च सुमारे एक तृतीयांशाने उतरला. चालकांनी छोटं कर्ज घेऊन संच बसवला आणि वाचलेल्या पैशातून हप्ते फेडले. आपल्या सरकारांनी बंदी आणि भंगार यांवर जेवढा जोर दिला, त्याच्या थोडा तरी जोर अशा कर्जावर द्यायला काय हरकत होती, हा प्रश्न आम्ही वॉर्डाच्या सभेत विचारणार आहोत. तुम्हीही विचारा.

शेवटी घरातल्या बाटल्यांबद्दल. टू-टी ऑइल किंवा पेट्रोल पाण्याच्या, सरबताच्या बाटलीत ठेवू नका. मूल तहानेने तोंडाला लावतं. नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढू नका. पोटात गेलंच तर उलटी करवू नका, मीठपाणी पाजू नका. उलटीत पेट्रोल फुप्फुसात शिरतं आणि न्यूमोनिया होतो. कपड्यावर सांडलं असेल तर कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि मूल ठणठणीत दिसलं तरी बाटली सोबत घेऊन थेट सरकारी दवाखाना गाठा. खोकला आणि धाप काही तासांनीही सुरू होऊ शकते.