शेत कोणाचे आणि रास कोणाची?



कामगार चळवळीतल्या माणसाने शेतीवर का बोलावे, असा प्रश्न कोणाच्या मनात आला तर तो रास्तच आहे. आमचे उत्तर साधे आहे. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथील कारखान्यांत जो माणूस यंत्रापुढे उभा असतो, त्याचे एक पाऊल पुष्कळदा अजून गावच्या मातीतच असते. मृगाचा पाऊस पडला की रजेचे अर्ज वाढतात. सोयाबीन काढणीला आले की पुन्हा वाढतात. पगारातले पैसे बियाण्यात जातात आणि गावची ज्वारी शहरातल्या खोलीत येते. कामगाराचा प्रश्न आणि गावच्या जमिनीचा प्रश्न ही दोन खाती नव्हेत. एकाच घराचा तो जमाखर्च आहे.

जमिनीविषयी बोलताना आपण बहुधा एकच प्रश्न विचारतो : शेत कोणाचे? आमच्या मते प्रश्न तीन आहेत. शेत कोणाच्या नावावर आहे? ते कसतो कोण? आणि पीक निघाल्यावर त्यात वाटा कोणाकोणाचा? सातबाऱ्याचा उतारा पहिल्या प्रश्नाचे उत्तर ठळकपणे देतो. दुसऱ्या प्रश्नाशी तो अडखळतो. तिसरा तर त्याला ठाऊकच नाही.

पहिल्या प्रश्नावर मराठवाड्यात मोठे काम झाले, हे मान्य केले पाहिजे. निजामाच्या राज्यात दिवाणी, सर्फेखास आणि जहागिरी असे मुलखाचे भाग होते. जहागिरीच्या गावचा सारा जहागीरदाराच्या घरी जाई. 17 सप्टेंबर 1948 रोजी ते राज्य संपले. 1949 साली जहागिरी रद्द झाल्या. 1950 साली हैदराबादचा कुळवहिवाटीचा कायदा आला आणि दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला संरक्षित कुळाचा दर्जा मिळण्याची वाट मोकळी झाली. 1961 साली महाराष्ट्राने कमाल जमीनधारणेचा कायदा केला. 1975 च्या दुरुस्तीने कोरडवाहू जमिनीची मर्यादा 54 एकरांवर आली. हे सारे सरकारच्या मेहेरबानीने झाले असे कोणी समजू नये. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 साली, आणि पुन्हा 1964-65 मध्ये, भूमिहीनांनी सत्याग्रह करून तुरुंग भरले होते.

परंतु जमिनीची धारणा पिढीगणिक लहान होत गेली. कृषिगणनेप्रमाणे 1970-71 साली महाराष्ट्रात सरासरी धारणा 4.28 हेक्टर होती. 2015-16 साली ती 1.34 हेक्टरवर आली. बापाच्या बारा एकरांचे चार भावांत तीन-तीन एकर होतात. तीन एकर कोरडवाहूत संसार भागत नाही. मग एक भाऊ शहरात येतो आणि आपला तुकडा गावातल्या कोणाला तरी बटईने किंवा ठोक्याने देतो. बटई म्हणजे पिकात ठरलेला वाटा. ठोका म्हणजे आधीच ठरलेली रक्कम. येथे आपला दुसरा प्रश्न उभा राहतो.

हा व्यवहार बहुतेक तोंडी असतो. कारण मालकाला भीती असते : कागद केला तर कूळ लागेल आणि जमीन जाईल. म्हणजे पाहा, कसणाऱ्याला जमीन मिळावी म्हणून जो कायदा झाला, त्याच्याच धाकाने आजचा कसणारा कागदावरून नाहीसा झाला आहे.

याचा परिणाम हिशेबाने सांगतो. समजा, पाच एकर शेत निम्म्या बटईने दिले आहे. बियाणे, खत निम्मे-निम्मे. मेहनत सगळी कसणाऱ्याची. वीस क्विंटल सोयाबीन झाले तर दोघांना दहा-दहा. येथवर ठीक आहे. पण काढणीच्या तोंडावर अतिवृष्टी झाली आणि पीक गेले, तर नुकसान दोघांचे होते आणि भरपाई मात्र सातबाऱ्यावरच्या नावाने येते. पीककर्जाचे तेच. पीकविम्यात वाटेकऱ्यालाही भाग घेता येतो, पण त्यासाठी कराराचा कागद लागतो. आणि कागद तर मालक करूनच देत नाही. कसणाऱ्याच्या वाट्याला खाजगी सावकार उरतो.

आता तिसरा प्रश्न, राशीचा. तो समजण्यासाठी क्षणभर समुद्रापलीकडे जाऊ. इंडोनेशियातील जावा बेटावर खेडी दाट आहेत आणि शेते आपल्याहूनही लहान. बहुसंख्य शेतकरी घरांकडे अर्धा हेक्टरसुद्धा नाही. तेथे गावकामगारांना पगाराऐवजी जमीन देण्याची रीत होती. आपल्या पाटील-कुळकर्ण्यांचे वतन आठवावे. निम्म्या वाट्याने शेत देण्याची चालही तेथे आहे. भाताच्या कापणीला गावातल्या बाया येत. तळहातात मावेल एवढ्या पात्याने एकेक लोंबी कापत आणि कापलेल्या भातातला ठरावीक हिस्सा घरी नेत. या हिश्शाला 'बावोन' म्हणतात. ज्या घरी शेत नाही त्याच्या चुलीला त्याचा आधार असे.

1960 साली इंडोनेशियाने जमिनीचा नवा मूलभूत कायदा केला. पण बावोन रीतीने चालत होता, कागदाने नव्हे. 1960 नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून भाताची नवी वाणे आली. पुष्कळ मालक उभे पीकच व्यापाऱ्याला विकू लागले. व्यापारी आपली मोजकी माणसे विळे देऊन आणी. गावच्या बाया बांधावर उभ्या राहिल्या. एवढ्यासाठी कोणाची एक गुंठा जमीनसुद्धा हिसकावून घ्यावी लागली नाही.

आपल्याकडे काय झाले? पूर्वी खळ्यावर रास पडली की बलुतेदाराचा, मजुराचा वाटा निघे. ते दिवस सुखाचे होते असे आम्ही म्हणणार नाही. तो वाटा जातीने बांधलेला होता, त्यात मान नव्हता, आणि तो झुगारून देणारे बरोबरच वागले. पण त्या जागी नवा हक्क कोणता आला? आज सोयाबीनची काढणी एकरी गुत्त्याने होते, कापसाची वेचणी किलोवर होते, आणि ज्याला एवढ्याने भागत नाही तो मुकादमाची उचल घेऊन बायकोसह ऊसतोडीला जातो. राशीवरचा हक्क गेला. मजुरीचा हक्क अजून पुरता आला नाही.

असा हक्क लिहिता येतच नाही, असे मात्र नाही. 1972 च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडावयास गेली. त्या अनुभवातून महाराष्ट्राने 1977 साली रोजगार हमीचा कायदा केला. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या माणसाने काम मागावे आणि सरकारने ते द्यावे, हे कायद्यात लिहिले गेले. तसेच बटईचेही लिहिता येईल. मुदत संपताच जमीन मालकाकडे परत, आणि मुदतीपुरते कर्ज, विमा व भरपाई कसणाऱ्याला, असा नमुना कायदा नीती आयोगाने 2016 साली पुढे ठेवला आहे. त्यात मालकाची भीती आणि कसणाऱ्याची गरज, दोन्हींचा विचार आहे. त्यासाठी मालक आणि कसणारे यांनी एकत्र येऊन मागणी केली पाहिजे.

हे आम्ही गावच्या चावडीवर न बोलता या शहरात बोलत आहोत, त्याला कारण आहे. या मंडपातही अनेक जण गावी शेत असलेले आणि ते बटईने दिलेले असतील. कायदा होईल तेव्हा होईल. तोवर भरपाईची रक्कम खात्यावर आली तर पिकाचा जो वाटा ठरला होता, त्याच प्रमाणात ती वाटून देण्यास कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही. काढणीची मजुरी ठरवताना बाईला पुरुषाइतकी द्यावयास कोणाची परवानगी लागत नाही. आणि मुलींना वडिलांच्या जमिनीत समान हक्क महाराष्ट्राने 1994 सालीच दिला असताना हक्कसोडपत्रावर बहिणीची सही मागण्याची घाई तर कोणीच करू नये.

घरी गेल्यावर आपापला सातबारा काढून पाहा. त्यावर ज्यांची नावे आहेत ती वाचा; आणि ज्यांच्या घामावर ते शेत चालते पण ज्यांचे नाव तेथे नाही, त्यांचाही हिशेब एकदा कागदावर मांडा.